विश्लेषण : नैरोबीच्या सिंहांचा बदलापूरच्या बिबट्याशी संबंध काय?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यात बिबट्या दिसला, की पहिली मागणी पिंजऱ्याची होते. जानेवारी 2019 मध्ये उल्हासनगरातील एका बंगल्यात बिबट्या शिरला. नोव्हेंबर 2022 मध्ये शेजारच्या कल्याण पूर्वेतील चिंचपाड्यात आणखी एक बिबट्या इमारतीत अडकला. दोन्ही जेरबंद झाले. पण शहराला लागून वन्यप्राणी असतील, तर त्यांच्या वाटांचे काय करायचे? हा पेच केनियाची राजधानी नैरोबी कित्येक दशके अनुभवते आहे.

नैरोबीत काय घडले?

नैरोबी राष्ट्रीय उद्यान 1946 मध्ये स्थापन झाले. क्षेत्रफळ 117 चौरस किलोमीटर. शहराच्या मध्यापासून ते जेमतेम सात किलोमीटरवर. इथे सिंह, गेंडे, जिराफ, झेब्रे दिसतात आणि त्यांच्या मागे उंच इमारती. (हत्ती मात्र नाहीत.) उद्यानाला तीन बाजूंनी कुंपण आहे, दक्षिणेची बाजू मोकळी. पावसाळ्यात चरणारे प्राणी तिथून किटेंगेलाच्या माळावर जातात आणि कोरड्या दिवसांत पाण्यासाठी उद्यानात परततात. त्या माळावर प्लॉट पडले, तारा लागल्या आणि वाइल्डबीस्टचे स्थलांतर आटत गेले. उद्यान जागेवरच होते, आटली ती बाहेरची जमीन. उद्यानातून रेल्वे नेताना ती सुमारे सहा किलोमीटरच्या पुलावरून नेली. तरीही त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या.

इथली मोकळी बाजू कोणती?

बदलापूरच्या एका अंगाला बारवी धरणाभोवतीचे जंगल, दुसऱ्या अंगाला टावली, मलंगगड ते माथेरानची रांग. मध्ये उल्हास नदीचे खोरे. बिबट्याला सलग जंगल लागत नाही. ओढा, शेताचा बांध, रात्रीचा अंधार पुरतो. पण याच खोऱ्यात कर्जतकडे जाणारी रेल्वे आहे, कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचे काम आहे, वडोदरा-मुंबई द्रुतगती महामार्ग आहे आणि सेकंड होमच्या भिंती आहेत. माथेरानभोवतीचे 214.73 चौरस किलोमीटर क्षेत्र 2003 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील आहे. बदलापूरजवळ महामार्ग डोंगराखालून चार किलोमीटरहून लांब जुळ्या बोगद्यांतून जातो, हे चांगलेच. अडचण सपाटीवर आहे. डोंगर वाचवण्यासाठी निदान कायदा आहे. दोन डोंगरांमधल्या शेताचा बिनशेती प्लॉट होताना बिबट्याचा विचार कोण करणार?

उपाय आहे का?

किटेंगेलामध्ये 2000 पासून एक योजना चालवली गेली. जमीन विकू नये, कुंपण घालू नये, यासाठी मसाई कुटुंबांना एकरी वर्षाला चार डॉलर देण्यात आले. जमिनीचे भाव चढल्यावर ती रक्कम तोकडी पडणारच होती. बदलापुरात, जिथे जमिनीचा भाव गुंठ्यावर बोलला जातो, असे भाडे परवडणार नाही. इथे स्वस्त उपाय वेगळे : ओढ्यांचे काठ बांधकामापासून मोकळे ठेवणे, रस्त्याखालच्या मोऱ्या प्राणी जाऊ शकेल इतक्या रुंद करणे आणि उघड्यावरचा कचरा उचलणे. कचऱ्यावर कुत्री जमतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो. यातले शेवटचे काम तर नगरपालिकांचे रोजचेच आहे.