शोध कुणी, कुणाचा लावला?

१/ शाळेच्या गटप्रकल्पात कार्डशीटवर वास्को-द-गामाचे जहाज चिकटते. खाली ओळ येते, ‘भारताचा शोध, १४९८’. हे विधान चुकीचे आहे. युरोपीयांना गवसला तो सागरी मार्ग. आणि अरबी समुद्र ओलांडण्यासाठी गामाला मालिंदीहून वाटाड्या घ्यावा लागला.

२/ तो वाटाड्या तक्त्यावर का नाही? एका मुलाने गामाची बाजू लिहावी, दुसऱ्याने वाटाड्याची, तिसऱ्याने कालिकतच्या झामोरीनची. अन्यथा गटकार्य म्हणजे केवळ कात्री-डिंकाची वाटणी.

३/ साताऱ्याच्या मुलांनी तर उलट दिशेचा प्रवासही मांडावा. १८३९ मध्ये पदच्युत झालेल्या छत्रपती प्रतापसिंहांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनला गेले, १८५३ पर्यंत तेथे झगडले. गामाचे साल तोंडपाठ आणि रंगो बापूजी अपरिचित, याला इतिहासाचे शिक्षण म्हणावे काय?