पिंप काढून घेतलात, आता नळाचं काय?

"आता नेट सगळीकडे पोचलंय हो," असं ठामपणे सांगणारा माणूस बहुधा बाणेरला नाहीतर पवईला फायबरवर बसलेला असतो. मंडळी, पोचणं वेगळं आणि टिकणं वेगळं! पावसाळ्यात कोकणात दोन दिवस लाइट गेली की टॉवरची बॅटरीही मान टाकते. मग सिग्नलची एखादी कांडी येते, जाते, पुन्हा येते. आपण बनवलेल्या वेबसाइट्सना याचं काहीही सोयरसुतक नसतं.

पूर्वी यावर एक उपाय होता, कॅशिंग प्रॉक्सी. १९९६ साली आलेला स्क्विड हा त्यातला सर्वात नावाजलेला. कल्पना अगदी घरगुती: नळाला पाणी असताना पिंप भरून ठेवा. एकाने पान मागवलं की त्याची प्रत प्रॉक्सीच्या डिस्कवर राहायची, पुढच्याला तिथूनच मिळायची. प्रत जुनी झाली असेल तर प्रॉक्सी सर्व्हरला विचारायचा, "बदललंय का?" उत्तर ३०४ आलं, म्हणजे नाही, तर काम काही बाइट्समध्ये संपलं. स्क्विडला 'ऑफलाइन मोड' लावला तर तो तेवढंही विचारत नाही, आहे ते देऊन मोकळा होतो.

मग एचटीटीपीएस आलं. जुलै २०१८ पासून क्रोम साध्या एचटीटीपी साइट्सवर 'नॉट सिक्युअर'चा शिक्का मारू लागला आणि उरलेसुरलेही तिकडे वळले. आता प्रॉक्सीला साइटचं नाव दिसतं, आतलं काही नाही. मी गावच्या घरी रास्पबेरी पायवर स्क्विड बसवून पाहिला. लॉगभर टनेल, टनेल, टनेल... 'हिट' औषधालाही नाही. डेबियनची पॅकेजेस तेवढी कॅश होतात, कारण ती साध्या एचटीटीपीवरूनही घेता येतात आणि खरी-खोटी सहीवरून तपासली जातात.

कुणी म्हणेल, स्वतःचं सर्टिफिकेट टाकून ट्रॅफिक फोड की! म्हणजे घरातल्या सगळ्यांचे बँकेचे पासवर्ड त्या डबीतून उघडे जाणार. नको रे बाबा. एचटीटीपीएस हवंच. माझं भांडण त्याच्याशी नाही, आपल्याशी आहे.

कारण मधला पिंप गेल्यावर साठवणीची जबाबदारी साइट बनवणाऱ्यांवर, म्हणजे तुमच्या-माझ्यावर आली. आणि आपण काय करतो? 'सेफ साइडला' म्हणून सरसकट नो-स्टोअर. नो-कॅश म्हणजे ठेव, पण वापरण्याआधी विचार. नो-स्टोअर म्हणजे ठेवूच नकोस. हा फरक माहीत नसलेले सीनियर लोक मी पाहिलेत. बँक बॅलन्सला नो-स्टोअर ठीक आहे हो, पण लोगोला? सूचनांच्या पानाला? त्यात सगळं जावास्क्रिप्ट एकाच गठ्ठ्यात. एका बटणाचा रंग बदलला की फाइलचं नाव बदलतं आणि तीन एमबी पुन्हा उतरवा!

माझ्या मावसबहिणीने एका प्रवेशाचा फॉर्म शेवटच्या दिवशी तीनदा भरला. दर वेळी चौथ्या पानावर लाइन जायची, परत येईतो 'सेशन एक्सपायर्ड'. शेवटी एसटी पकडून तालुक्याला गेली, तिथल्या सायबर कॅफेत भरला. त्या पोर्टलला अर्धवट मसुदा फोनमध्येच जपून ठेवणं अशक्य होतं का? मुळीच नाही. सर्व्हिस वर्कर २०१८ पासून सगळ्या प्रमुख ब्राउझर्समध्ये आहेत, ब्राउझरमधली साठवण तर त्याहून जुनी. तंत्र आहे, कुणी मागत नाही एवढंच.

हा विषय मीटिंगमध्ये काढला की उत्तर ठरलेलं: "आपले युजर्स शहरातलेच आहेत, अ‍ॅनालिटिक्स बघ." अहो, अ‍ॅनालिटिक्सची स्क्रिप्ट पान उघडल्यावर चालते. ज्याचं पान उघडलंच नाही, तो त्या आलेखात दिसणार कसा?