अस्सल चिनी कशास म्हणावें ?

वसई-विरारच्या नाक्यानाक्यावर संध्याकाळीं चायनीजच्या गाड्या लागतात. तेथील मंचुरियन व शेजवान भात आमच्या विद्यार्थ्यांस किती प्रिय आहे, हें पालकांस सांगावयास नको. परंतु हल्लीं त्यांच्यांत एक वाद वारंवार ऐकूं येतो. अमक्याकडचें अस्सल, तमक्याकडचें नकली, असा निकाल जो तो बेधडक देतो. तो देण्यापूर्वीं कांहीं गोष्टी ध्यानांत घेणें इष्ट आहे, असें आम्हांस वाटतें.

मंचुरियन हा पदार्थ मांचुरियांतून आलेला नाहीं. कलकत्त्यास जन्मलेले चिनी वंशाचे आचारी नेल्सन वांग यांनीं तो १९७५ सालीं मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियांत प्रथम केला, असें सांगतात. आलें, लसूण व हिरवी मिरची हें आपलें नित्याचें वाटण. त्यास त्यांनीं सोया सॉसची जोड दिली. शेजवान हें सेचुआन प्रांताचें नांव. तेथील स्वयंपाकांत जीभ बधिर करणारी एक मिरी असते. ती आपल्या कोंकणांतील तिरफळाच्याच जातकुळीची. गाडीवरच्या तांबड्या चटणींत ती सहसा सांपडत नाहीं. आणि ज्या मिरचीनें ती चटणी तांबडी होते, ती तर मूळची अमेरिकेची. पोर्तुगीजांनीं ती भारतांत आणली, आणि चीनमध्येंही ती परदेशांतूनच गेली. तेव्हां केवळ मूळ पाहूं गेल्यास सेचुआनचा आचारीही परीक्षेस उतरणार नाहीं !

सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्क यांसारख्या शहरांतही हाच वाद चालतो. तेथें प्रथम गेलेले चिनी लोक बहुतेक ग्वांगडुंग प्रांतांतले. मिळेल त्या भाजीपाल्यावर, गिऱ्हाइकाच्या रुचीप्रमाणें त्यांनीं चॉप सुई रांधली. तिकडे ती लोकप्रिय झाली. परंतु १८८२ च्या कायद्यानें चिनी मजुरांस जी प्रवेशबंदी झाली, ती १९४३ पर्यंत उठली नाहीं. आपणही निर्दोष नाहीं. १९६२ च्या युद्धानंतर येथील सुमारें ३,००० चिनी वंशाच्या रहिवाशांस राजस्थानांत देवळी येथें स्थानबद्ध करण्यांत आलें. अन्न गोड लागलें, माणसें मात्र परकीं ठरलीं.

म्हणून आमच्या मतें पदार्थाचें जन्मस्थान पाहण्यापेक्षां विकणाराचा प्रामाणिकपणा पाहावा. तेल ताजें आहे काय ? आचाऱ्याचा हात बसलेला आहे काय ? सांगितलेलें नांव खरें आहे काय ? भलत्याच केळ्यांस आगाशीचीं सुकेळीं म्हणून विकणारा जसा दोषी, तसाच दारांत तांबडे कंदील टांगून मुंबईच्या मंचुरियनास पेकिंगचें म्हणणाराही दोषी. मात्र ‘हें आमच्या पद्धतीचें चायनीज’ असें सरळ सांगणाऱ्या गाडीवाल्यास नकली म्हणणें अन्यायाचें आहे.

विद्यार्थ्यांनो, पुढच्या वेळीं गाडीवर उभे राहाल तेव्हां निकाल देण्याऐवजीं त्या आचाऱ्यास, तो हें काम कोठें व कोणाकडून शिकला, तें आदरानें विचारा.