आखातात परदेशी, नाशकात भूमिपुत्र. मग आपण कुणाच्या बाजूने?

‘बाहेरच्यांना कामावर घेतात, आमच्या पोरांना गेटवरूनच परत पाठवतात.’ सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत ही तक्रार जुनी आहे. रियाध-दुबईचे तरुणही हेच म्हणतात. फरक इतकाच की तिथले ‘बाहेरचे’ आपण असतो. आपल्या समाजातल्या अनेक घरांचा खर्च आखाती पगारावर चालतो, म्हणून हा प्रश्न दोन्ही बाजूंनी बघायला हवा.

सौदीने 2011 मध्ये ‘निताकत’ योजना आणली. ज्या कंपनीत सौदी नागरिक कमी, तिला नवे व्हिसा मिळणे बंद. यूएईने 2022 पासून 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी कंपन्यांना कुशल पदांवर दरवर्षी 2 टक्के अमिराती वाढवायला सांगितले. 2026 अखेर हे प्रमाण 10 टक्के व्हायचे आहे. 2023 मध्ये न भरलेल्या प्रत्येक जागेमागे महिना 6,000 दिरहम दंड होता, तो दरवर्षी 1,000 ने वाढतो. म्हणजे आपल्या शिकलेल्या मुलांच्या ऑफिसातल्या नोकऱ्यांवर आधी टाच येणार.

यात अन्याय म्हणावा, तर इथे आपण काय मागतो? महाराष्ट्राच्या 2008 च्या शासन निर्णयातही उद्योगांत 80 टक्के स्थानिक असावेत असेच म्हटले आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत मारहाणीच्या भीतीने हजारो उत्तर भारतीय कामगार नाशिक सोडून गेले, कारखान्यांची कामे अडली. पण पोरांची तक्रार काही मिटली नाही.

कारण मालकाला ‘बाहेरचा’ हवा असतो असे नाही, त्याला अडलेला माणूस हवा असतो. आखातात कफाला पद्धतीने कामगाराचा व्हिसा मालकाच्या हातात दिला. मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलता येत नसे, पासपोर्टही अनेकदा मालकाकडेच. इथे ठेकेदाराच्या खोलीत राहणारा परप्रांतीय मजूर जवळपास तसाच बांधलेला. असा माणूस स्वस्तात मिळत असेल तर हक्क मागणाऱ्या स्थानिकाला कोण घेईल?

कतारने 2020 मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या ना-हरकतीची अट काढली आणि मार्च 2021 पासून सर्व देशांच्या कामगारांना 1,000 रियाल किमान वेतन लागू केले. अंमलबजावणीत त्रुटी आहेत, पण दिशा हीच. बाहेरच्याला पूर्ण मजुरी मिळाली की स्थानिकाला डावलण्यातला फायदा कमी होतो. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, या पैगंबर साहेबांच्या (स.) शिकवणीतही गाव-मुलूख विचारलेला नाही.

म्हणून दोन गोष्टी करूया. परदेशी जाणाऱ्या मुलाचा एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते तपासा. त्याला 30,000 रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. आणि इथे 80 टक्क्यांचा हिशेब मागताना ठेकेदाराचे मजूर त्यात धरलेत का, त्यांना किमान वेतन मिळते का, हेही विचारा. नुसते ‘बाहेरच्यांना हाकला’ म्हणू नका. तीच हाक उद्या दुबईत आपल्या भावाच्या कानावर पडेल.