औषधांना दार, औषधनिर्मात्यांना उंबरठा

संयुक्त अरब अमिरातीशी झालेला व्यापक आर्थिक भागीदारी करार १ मे २०२२ पासून अमलात आला. अमेरिका, ब्रिटन, युरोपीय संघ आदी ठिकाणी मान्यता पावलेल्या भारतीय औषधांची अमिरातीत ९० दिवसांत नोंदणी व्हावी, अशी सोय त्यात आहे. औषध कंपन्यांना आनंद झाला, हे स्वाभाविकच. परंतु तीच औषधे दुबईच्या दुकानात रुग्णाच्या हाती देऊ इच्छिणाऱ्या मालेगावच्या पदवीधराला मात्र पदवीची पडताळणी, अनुभवाचे दाखले, परवान्याची परीक्षा आणि या प्रत्येकाचे शुल्क अशा पायऱ्या चढाव्या लागतात. मालाला मुदत आहे, माणसाला नाही.

मालेगावला हा प्रश्न दूरचा नाही. सुताचे भाव आणि कापडाची मंदी यांच्या कात्रीत सापडलेले यंत्रमागावरचे कुटुंब मुलाला औषधनिर्माणशास्त्राच्या शिक्षणाला घालते, ते घरात नियमित पगार येईल या आशेने. येथील दुकानातला पगार पाहिला की नजर आखाताकडे वळते. त्याहून दूरची वाट तर जवळजवळ बंदच आहे. १ जानेवारी २००३ नंतर पदवी घेणाऱ्यास अमेरिकेत किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम दाखवावा लागतो, आपली बी. फार्म. चार वर्षांची. सहा वर्षांचा फार्म. डी. अभ्यासक्रम आपण २००८ मध्ये सुरू केला, पण त्याचा खर्च मागवाल्याच्या घराला कसा पेलणार?

परदेशांना बोल लावणे सोपे आहे. आपलाही कायदा काही वेगळे सांगत नाही. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार परदेशी पात्रता केंद्रीय परिषदेने मान्य केली तरच ग्राह्य ठरते. आणि अर्जदार भारतीय नागरिक नसेल, तर त्या देशात भारतीय वंशाच्या माणसाला हा व्यवसाय करता येतो काय, हेही पाहिले जाते. मात्र याच कायद्याने एकदा मोठे मन दाखवले होते. ब्रह्मदेश, श्रीलंका आणि इदी अमीनने १९७२ साली रिकामा केलेला युगांडा येथून परतलेल्यांसाठी १९८२ च्या दुरुस्तीने खास तरतूद झाली. तेथे किमान पाच वर्षे या व्यवसायावर उपजीविका केलेल्याला नोंदणीचा मार्ग मोकळा झाला. कागदापेक्षा केलेल्या कामाला तेव्हा वजन दिले गेले.

म्हणून नोंदवहीच नको, असा मिल्टन फ्रीडमन यांच्या पंथाचा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानातून मालेगावी आलेल्या विणकरांना कोणी प्रमाणपत्र विचारले नाही, हे खरे. पण लुगडे वाईट निघाले तर ते फाटते. औषधाची मात्रा चुकली तर माणूस जातो. परवाना रुग्णासाठी आहे तोवर तो हवाच. तो धंद्यातील गर्दी कमी करण्याचे किंवा शुल्क उकळण्याचे साधन झाला, की त्याला विरोध केला पाहिजे.

आणि येथे आपली बाजू लंगडी पडते. प्रमाणपत्र दुकानाच्या भिंतीवर आणि त्याचा धनी भलतीकडेच, हा प्रमाणपत्र भाड्याने देण्याचा प्रकार महाराष्ट्रात जुना आहे. काउंटरवर गोळ्या मोजून देतो तो बहुधा आठ-दहा हजारांवर राबणारा, कसलेही शिक्षण न मिळालेला पोरगा. अन्न व औषध प्रशासनाने दुकानात फार्मासिस्ट हजर हवा असा आग्रह धरला, तेव्हा विक्रेत्यांच्या संघटनांनी बंदची भाषा केली होती. आपल्याच नोंदवहीला आपण असे वागवतो, तर तिच्यातील उताऱ्यावर दुबईने विश्वास का ठेवावा?

पुढील प्रत्येक व्यापारी करारात पात्रतांच्या परस्पर मान्यतेचे कलम कालमर्यादेसह घालावे, ही मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरली पाहिजे. तिच्या जोडीला दुसरी मागणी मालेगावातच करायची आहे: मोसम नदीच्या दोन्ही तीरांवरील प्रत्येक औषध दुकानात ज्याचे नाव भिंतीवर आहे, तो माणूस पूर्ण पगारावर उभा दिसला पाहिजे.