मागच्या सीटचे गुण

घरात गाडी घ्यायचं ठरलं की ‘मायलेज किती?’च्या पाठोपाठ ‘तारे किती?’ हा प्रश्न हल्ली हमखास येतो. याचा मला मनापासून आनंद आहे. २०१४च्या जानेवारीत गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने भारतात खपणाऱ्या आल्टो ८००, नॅनो, आय-टेन, फिगो आणि पोलो या पाच गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळवून पाहिल्या, तेव्हा एअरबॅग नसलेल्या त्या पाचही मॉडेलांना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले होते. त्यानंतर २०१८च्या डिसेंबरात नेक्सॉनने पाच तारे मिळवले आणि १ ऑक्टोबर २०२३पासून ‘भारत एनकॅप’ ही आपली स्वतःची योजना सुरू झाली. हा बदल फार मोठा आहे.

पण हा निकाल आपण अर्धाच वाचतो. भारत एनकॅप दोन वेगवेगळे निकाल देतं. मोठ्या प्रवाशांसाठी गुण ३२पैकी आणि मुलांसाठी ४९पैकी. शोरूममध्ये बोलणं होतं ते पहिल्याबद्दल. वास्तविक लहान मूल असलेल्या घराने आधी दुसरा निकाल उघडायला हवा. त्यातले २४ गुण प्रत्यक्ष टकरीतून मिळतात, १२ गुण मुलांच्या सीट त्या गाडीत किती नीट बसतात याचे आणि उरलेले १३ गुण गाडीतच केलेल्या सोयींचे. टकरीच्या वेळी मागच्या सीटवर दोन लहान डमी असतात, एक दीड वर्षाच्या बाळाएवढा आणि दुसरा तीन वर्षांच्या मुलाएवढा. दोघेही चाइल्ड सीटमध्ये पट्ट्यांनी बांधलेले असतात.

आता आपल्या गाड्या आठवा. पुढे आईच्या मांडीवर बाळ, मागे दोन सीटच्या मधल्या फटीत उभा राहिलेला चार वर्षांचा मुलगा. गणपतीला कोकणात निघालेल्या कितीतरी गाड्यांमधलं हे चित्र आहे. या बसण्याला एकही तारा नाही, कारण अशा बसण्याची चाचणीच होत नाही. गाडीवर पाच तारे असले तरी मांडीवरच्या मुलाला त्यांचा काही उपयोग नाही.

‘सीटमध्ये रडतो तो, द्या माझ्याकडे, मी घट्ट धरते,’ असं आजी म्हणते ते पोटच्या मायेनेच. पण हातांची ताकद इथे पुरत नाही. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर दहा किलोचं मूल सुमारे १४० किलोच्या जोराने पुढे ओढलं जातं. कुणाच्याही हातांना ते पेलणारं नाही. त्यातून मूल पुढच्या सीटवर असेल तर उघडणारी एअरबॅग नेमकी त्याच्यावर येते. तिची रचना पट्टा लावलेल्या मोठ्या माणसासाठी असते. बाळासाठी तो धक्का जीवघेणा ठरू शकतो.

मोठ्यांचंही फार वेगळं नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. ते मॉडेल युरोपातल्या चाचणीत पाच तारे मिळवलेलं होतं. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. ते दोघेही गेले. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. देशभर हळहळ झाली, चर्चा झाली. तरीही सीटबेल्टचा इशारा बंद करणाऱ्या क्लिपा ऑनलाइन बिनदिक्कत विकल्या जात होत्या. २०२३च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या आदेशानंतर पाच कंपन्यांनी अशा १३,११८ जाहिराती काढल्या. स्वतःला वाचवणारा इशारा पैसे देऊन बंद करायचा, ही वृत्ती मला अक्षम्य वाटते.

चाचणीची मर्यादाही ध्यानात असू द्या. समोरच्या टकरीची चाचणी ताशी ६४ किलोमीटरवर होते. समृद्धी महामार्गावर मोटारींना १२०ची मुभा आहे आणि त्या वेगात धडकेची ऊर्जा साडेतीन पटींनी वाढते. तिथे तारे काय वाचवतील, याची हमी कुणीही देऊ शकत नाही.

सरकारकडे माझी मागणी सरळ आहे. भारत एनकॅप ऐच्छिक ठेवू नका. विक्रीला येणाऱ्या प्रत्येक मोटारीची चाचणी सक्तीची करा. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर हजार रुपये दंड, हे २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब मध्ये आलं आहे. त्याची अंमलबजावणी रस्त्यावर दिसू द्या.

आणि तुम्ही गाडी बघायला जाल तेव्हा मुलांच्या निकालाचा कागद मागून घ्या. मागच्या सीटची पाठ आणि बैठक जुळते तिथे बोटं घालून चाइल्ड सीट अडकवायच्या आयसोफिक्सच्या कड्या आहेत का ते बघा. मधल्या जागेलाही खांद्यावरून येणारा पट्टा आहे का, तेही तपासा. सनरूफच्या मॉडेलसाठी जे जास्तीचे पैसे मोजता, त्यातल्या थोड्याशा रकमेत चांगली चाइल्ड सीट येते. ती डिलिव्हरीच्या आधी विकत घ्या आणि गाडी घरी आणताना मुलाला तिच्यात बसवूनच आणा.