खरकटं काढा, पण विसळू नका

रात्रीची जेवणं आटोपतात. सिंकचा नळ भळाभळा वाहतो आहे, एकेक ताट हाताने चोळून विसळलं जातं आहे आणि मग ते लख्ख ताट डिशवॉशरमध्ये जातं आहे. 'खरकटं तसंच कसं घालायचं?' हा प्रश्न वर आहेच. भांडी दोनदा धुतली जातात आणि तक्रार मात्र एकच, या यंत्राने काडीचंही काम वाचत नाही.

दोष यंत्राचा नाही, सवयीचा आहे. डिशवॉशरच्या पावडरीत एन्झाइम असतात. काही भाताचं पिष्ट तोडतात, काही डाळी-अंड्यांतली प्रथिनं. त्यांच्या कामावर विसळणारा आधीच पाणी फिरवतो. शितं, कढीपत्ता, शेवग्याचा चोथा, मासळीचे काटे ओल्या कचऱ्यात लोटले की पुरे. आमटीचा ओघळ ताटावर राहू द्यावा. करपलेलं पातेलं तेवढं भिजवावं लागतं. साधा नळ मिनिटाला सहा ते दहा लिटर पाणी ओततो आणि आजच्या बऱ्याच यंत्रांची अख्खी इको फेरी दहा-बारा लिटरांत होते. म्हणजे दोन मिनिटांच्या विसळण्यात सगळी बचत मोरीत.

याच इको फेरीला तीन-चार तास लागतात म्हणून लोक बिचकतात. पण वीज मुख्यतः पाणी तापवायला लागते. ही फेरी पाणी कमी तापवते आणि ती कसर वेळाने भरून काढते.

भांडी कशी मांडायची, याचं उत्तर यंत्राच्या जन्मकथेतच आहे. अमेरिकेत इलिनॉयमधल्या जोसेफिन कॉक्रेन यांनी 1886 साली आपल्या भांडी धुण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. नोकरांच्या हातून चिनी मातीच्या बश्यांचे टवके उडत, हे त्यांचं दुखणं. त्यांनी ब्रश न वापरता पाण्याच्या जोरावर भांडी धुतली. ते तत्त्व अजून तेच आहे, त्यामुळे पाणी पोचलं नाही तर यंत्राचं काही चालत नाही. वाट्या पालथ्या आणि तिरक्या हव्यात, चमचे एकमेकांत अडकलेले नकोत. लांब दांड्याचा झारा उभा राहिला की पाणी उडवणारा फिरता पंखा त्याला अडतो आणि अर्धी भांडी चिकट निघतात. दार लावण्याआधी पंखा बोटाने एकदा फिरवून पाहिला की हे टळतं.

बोअरच्या जड पाण्याने ग्लासांवर पांढरी पुटं चढतात. त्यासाठी यंत्रात वेगळं मीठ घालतात. हे मीठ पाणी मऊ करणाऱ्या भागाला ताजंतवानं करतं. जेवणातलं मीठ तिथे चालत नाही. तळाची जाळी आठवड्याला काढून धुवायची, हे तर विक्रेत्याने सांगूनही अनेकजण विसरतात.

अ‍ॅल्युमिनियमचा कुकर आत घातला तर काळा पडतो. पितळ, कल्हईची भांडी, लोखंडी तवा आणि पोळपाट-लाटणं हातानेच घासायचं. थोडी घासाघीस उरतेच! आणि ती एकट्या बाईच्याच वाट्याला का, हे कोणतंही यंत्र ठरवत नाही.

शंका असेल त्यांनी आज रात्री वरणाचं एक ताट नुसतं निपटून आणि दुसरं विसळून शेजारी-शेजारी ठेवावं. सकाळी कुठलं कोणतं, ते घरच्यांनाच ओळखायला सांगा.